होपी मातीचं भांडं घ्यायचंय, अस्सल कसं ओळखायचं?

अनघा_टेंपी:
मार्चमध्ये आईबाबा येतायत. त्यांना घेऊन अॅरिझोनातल्या होपी मेसांवर (होपी या मूळ अमेरिकन जमातीची गावं असलेले सपाट माथ्याचे डोंगर) जायचं आणि पारंपरिक पद्धतीचं एक भांडं घ्यायचं ठरतंय. कुठे बघू? साच्यातलं कसं कळतं? त्यात पाणी ठेवता येईल का?

खापरवेडा:
भांड्यांसाठी फर्स्ट मेसालाच जा. पायथ्याचं पोलाक्का आणि वरच्या गावांत बरेच कलाकार घरूनच विकतात. चाक नसतं. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या, खरवडून भिंत पातळ करायची आणि गुळगुळीत गोट्यानं घोटायचं. झिलईचा लेप नाही, जी चमक दिसते ती घोटण्याचीच. काळ्या रंगासाठी बीवीड ही रानभाजी उकळून आटवतात, त्यात लोहखनिज उगाळतात. कुंचला युक्का या वाळवंटी झाडाच्या पानाचा.

आता मुख्य खूण. भाजणी उघड्यावर, मेंढ्यांच्या वाळल्या शेणात होते, भांड्यांभोवती खापऱ्या रचून. आच सगळीकडे सारखी लागत नाही, म्हणून एकाच भांड्यावर फिकट पिवळ्यापासून नारिंगीपर्यंत छटा उमटतात. त्याला दोष समजून दुसरं मागू नका, मी तर तेच आधी उचलेन! रंग अगदी एकसारखा असेल तर विजेच्या भट्टीतलं आहे का, हे सरळ विचारा. आतून जोडाची रेघ दिसली तर साचा.

मीनल_फीनिक्स:
मार्चच्या सुरुवातीला फीनिक्समध्ये हर्ड म्युझियमचा बाजार भरतो, कलाकार स्वतः बसतात. आधी म्युझियममध्ये नाम्पेयो या जुन्या नामवंत होपी कुंभार बाईचं काम बघून घ्या. 1895 मध्ये सिक्याट्की या जुन्या होपी गावाच्या अवशेषांचं उत्खनन झालं, तिथल्या जुन्या नक्षीतून तिनं नवी घडण उभी केली. तिची पणती डेक्स्ट्रा क्वोत्स्कुय्वा माझी सर्वांत आवडती. बुडावरची सही बघा, या घराण्यातल्या काहीजणी शेजारी मक्याचं कणीस काढतात. विकत घेताना कलाकाराचं नाव पावतीवर लिहून घ्याच. नेटिव्ह (मूळ अमेरिकन जमातीतला) नसलेल्याचा माल नेटिव्ह म्हणून विकणं 1990 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

खापरवेडा:
+1. आणि गावांत फोटो, व्हिडिओ, स्केच काहीही चालत नाही. बाबांना आधीच सांगा. वाटेत जुनी खापरी दिसली तर तिथेच राहू द्या. उन्हाळ्यात गेलात तर होपीच्या भोवतालच्या नवाहो जमातीच्या भागात घड्याळ तासभर पुढे असतं, होपीत नाही.

अनघा_टेंपी:
खूप आभार! पाण्याचं राहिलं.

खापरवेडा:
नको. पाणी झिरपतं, डाग पडतात. तेल, हळद, फुलं, काहीच नको. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. आईबाबा पुण्याला नेणार असतील तर हातातल्या बॅगेतूनच.