मदत हवी आहे: लाईट जाऊन आली, व्हीएम रीबूट झालं आणि काटा मुका झाला

कपाशीवाला | संध्याकाळी ७:०५
धरणगावकडे जिनिंगवर कामाला आहे. पाचच्या सुमारास लाईट गेली, वीस मिनिटांनी आली. यूपीएसनं तेवढाही दम धरला नाही. काट्याचं सॉफ्टवेअर व्हीएमवर आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर. बाकी सगळं उठलं, पण भुईकाट्याचं वजन कॉम्प्युटरवर येणं बंद. ड्रायव्हरमध्ये बग आहे हे नक्की, कारण तीच केबल लॅपटॉपला लावली की वजन येतं. आम्ही काहीही बदललेलं नाही. दोनदा रीबूट करून झालं. गेटवर १४ गाड्या उभ्या आहेत आणि शेठ माझ्या डोक्याशी. फक्त उपाय सांगा, लेक्चर नको. मोबाईलवरून लिहितोय, कमांड असेल तर उच्चार करतो तशी मराठीतच लिहा, मी तिकडे टाईप करतो.

तापीकाठचा | ७:११
कोणतं व्हीएम? होस्ट, म्हणजे बाहेरचं खरं मशीन, कोणता, आत कोणती सिस्टिम? रीबूट होस्ट झाला की फक्त गेस्ट, म्हणजे आतलं व्हीएम? आणि काटा यूएसबीवर आहे की सिरीयलवर? मुका झाला म्हणजे नक्की काय दिसतं?

वजनदार_माणूस | ७:१४
वीस वर्षं काट्यांचंच काम करतोय. लाईट जाऊन आल्यावर वजन गेलं म्हणजे जंक्शन बॉक्समध्ये ओल किंवा अर्थिंग. प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर, एकेक काढून मीटर लावा. उंदीर वायर खातात ते वेगळंच.

कपाशीवाला | ७:१७
दादा, काट्याच्या डिस्प्लेवर वजन बरोबर येतंय. आत्ता १२,४४० किलो दाखवतोय, गाडी उभीच आहे. सॉफ्टवेअरमध्ये शून्य. लोडसेल कशाला काढू?

निळा_पडदा | ७:१९
हा प्रकार आमच्याकडेही झाला होता. व्हीएमच्या डिस्कचा प्रकार व्हर्टायो (व्हीएमसाठीची वेगवान पद्धत) केला आणि विंडोज निळ्या पडद्यावर गेलं. आधी व्हर्टायोच्या ड्रायव्हरची आयएसओ जोडायची, एक छोटी डमी डिस्क व्हर्टायोवर लावून एकदा बूट करायचं म्हणजे ड्रायव्हर बसतो, मग मुख्य डिस्क बदलायची. हे करून बघा, शंभर टक्के चालेल.

तापीकाठचा | ७:२२
त्यांचं विंडोज आहे असं ते कुठे म्हणाले?

कपाशीवाला | ७:२५
विंडोज नाही. होस्टवर प्रॉक्समॉक्स आहे, व्हीएम चालवणारी सिस्टिम, आत उबंटू २२.०४ सर्व्हर, म्हणजे लिनक्स. लाईट गेली म्हणजे दोन्ही बंद पडले, दोन्ही उठले. काट्याच्या इंडिकेटरमधून सिरीयल केबल निघते, तिला यूएसबीचं कन्व्हर्टर, ते होस्टच्या मागे लावलंय आणि व्हीएमला दिलंय. हे ज्यानं बसवलं तो नाशिकचा मुलगा आता फोन उचलत नाही. हे सगळं आधी सांगायला हवं होतं का?

भुसावळी_यार्ड | ७:२७
हो.

उबंटू_पंखा | ७:३०
२२.०४ म्हणाला तिथेच उत्तर मिळालं. ब्रेल टीटीवाय. आंधळ्यांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेचा प्रोग्राम आहे, २२.०४ मध्ये तो सीएच३४० चिपचं कन्व्हर्टर आपलंच समजून बळकावतो. ॲप्ट रिमूव्ह बीआरएलटीटीवाय करा, केबल काढून घाला, झालं. मी यात दोन दिवस घालवलेत.

तापीकाठचा | ७:३३
तो त्रास डेस्कटॉपवर. सर्व्हरवर ते सहसा नसतंच. आणि त्यांची चिप सीएच३४० आहे हे तुम्हाला कुठून कळलं? कपाशीवाले, व्हीएमच्या आत जाऊन एलएसयूएसबी टाका, जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते, आणि जी ओळ येईल ती इथे लिहा.

उबंटू_पंखा | ७:३४
बाजारातल्या दहातल्या आठ केबली सीएच३४०च असतात.

कपाशीवाला | ७:४१
एलएसयूएसबी मध्ये ०४०३:६००१ असं काहीतरी येतंय, पुढे फ्यूचर टेक्नॉलॉजी. पण सॉफ्टवेअर म्हणतं टीटीवाययूएसबी शून्य, म्हणजे कन्व्हर्टरचं पोर्ट, सापडत नाही. डेव्ह फोल्डरमध्ये पाहिलं, खरंच नाही. ब्रेल रिमूव्ह करायला गेलो तर म्हणे ते बसवलेलंच नाही.

उबंटू_पंखा | ७:४३
मग कन्व्हर्टर बदला. २०१४ मध्ये याच चिपच्या कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकला होता. तुमची नकली असणार.

तापीकाठचा | ७:४६
क्रमांक ६००१ स्वच्छ दिसतोय, आणि केबल लॅपटॉपवर चालते हे पहिल्याच पोस्टमध्ये आहे. वाचा तरी.

भुसावळी_यार्ड | ७:४८
मला वाटतं होस्टनंच डिव्हाइस धरून ठेवलंय. प्रॉक्समॉक्समध्ये यूएसबी दोन तऱ्हांनी देता येतं, पोर्टवरून किंवा ओळख क्रमांकावरून. पोर्टवरून दिलं असेल आणि गडबडीत कोणी केबल दुसऱ्या भोकात घातली असेल तर गेस्टला काहीच मिळत नाही.

तापीकाठचा | ७:५०
बरोबर, पण गेस्टच्या आतून एलएसयूएसबीत दिसतंय म्हणजे होस्टनं सोडलंय. वस्तू दारात आली, आत घेणारं कोणी नाही, असं दिसतंय. कपाशीवाले, सुडो मॉडप्रोब एफटीडीआय अंडरस्कोर एसआयओ. या कमांडनं कन्व्हर्टरचा ड्रायव्हर चढतो. काय म्हणतं बघा.

आजोबा_टर्मिनल | ७:५२
तोवर डिस्प्लेवर वजन दिसतंय ना? मग कार्बनचं पुस्तक काढा आणि हातानं पावत्या फाडा. शेतकऱ्याला थंडीत का ताटकळत ठेवता?

कपाशीवाला | ७:५८
आजोबा, ते कधीच सुरू केलंय. पण भरल्या गाडीचं वजन हाताचं आणि खाली गाडीचं कॉम्प्युटरचं झालं की पावत्या जुळत नाहीत आणि गाडीवाले अंगावर येतात. एक जण आत्ताच म्हणाला, हातपावतीत पाच किलो इकडेतिकडे सहज होतात. होत नाहीत, पण त्याला कोण समजावणार.
मॉडप्रोब म्हणतं फेटल, मॉड्यूल नॉट फाउंड इन डिरेक्टरी, पुढे लिब मॉड्यूल्स ५.१५.०-१३०-जेनेरिक.

तापीकाठचा | ८:०१
सापडलं. आता एलएस लिब मॉड्यूल्स टाका आणि किती फोल्डर आहेत ते सांगा.

कपाशीवाला | ८:०४
तीन आहेत. शेवटी ९१, १२७ आणि १३०.

तापीकाठचा | ८:१३
ऐका, दोन मिनिटांचं लेक्चर घ्यावंच लागेल. ड्रायव्हरमध्ये बग नाही, ड्रायव्हरच नाही.
उबंटूची जी तयार क्लाउड इमेज व्हीएमसाठी मिळते, तिच्यात कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, 'व्हर्च्युअल' पॅकेजमधून येतो. नावापुढे जेनेरिकच लागतं म्हणून माणूस फसतो. व्हीएमला वायफाय, साउंड कार्ड, सतराशे साठ केबली कशाला लागतात, म्हणून ते ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजात काढून ठेवलेत. त्याचं नाव लिनक्स मॉड्यूल्स एक्स्ट्रा, पुढे कर्नलचा आकडा. यूएसबी सिरीयलचे ड्रायव्हर त्यात असतात. नाशिकच्या मुलानं तेव्हा ९१ आकड्याच्या कर्नलसाठी ते पॅकेज टाकलं असणार. ते त्या एकाच कर्नलचं. पुढच्या कर्नलबरोबर आपोआप येत नाही.
आणि 'काही बदललेलं नाही' हे खरं नाही. उबंटू सर्व्हरवर सुरक्षेचे अपडेट मुळातच आपोआप बसतात. नवा कर्नलही बसतो, पण रीबूट होईपर्यंत चालत राहतो जुनाच. तुमचं मशीन महिनोन्महिने ९१ वर चाललं होतं. आज लाईट गेली आणि ते पहिल्यांदा १३० वर उठलं.
आता टाका: सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स डॅश मॉड्यूल्स डॅश एक्स्ट्रा डॅश ५.१५.०-१३० डॅश जेनेरिक. मग पुन्हा मॉडप्रोब. रीबूटही लागणार नाही.

कपाशीवाला | ८:१६
नेट नाही. लाईटबरोबर फायबरही गेलंय, त्यांचा माणूस सकाळी येणार.

भुसावळी_यार्ड | ८:१७
हे शेवटीच सांगायचं होतं.

तापीकाठचा | ८:२०
हरकत नाही. ९१ अजून डिस्कवर आहे, त्यावरून उठवा. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमचा कन्सोल उघडा, रीबूट द्या आणि सुरू होताना एस्केप दाबा. ग्रबचा मेनू येईल, कोणत्या कर्नलवर उठायचं ते त्यात निवडतात. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबंटू, आणि आत ९१ ची ओळ. रिकव्हरी मोडवाली नको, साधी.

खान्देशी_गडी | ८:२३
काय भो, गाड्या उभ्या शेत का अजून? आमच्याकडे पाचोऱ्याला आज भाव बरा मिळाला. तुमच्याकडे काय निघाला?

रूट_कॉज | ८:२६
मूळ चूक कोणीच बोलत नाही. काटा व्हीएमवर ठेवायचाच कशाला? दीड-दोन हजारात सिरीयल टू इथरनेट कन्व्हर्टर मिळतं. काट्याजवळ ठेवा, नेटवर्कवरून वजन घ्या, यूएसबी पासथ्रूची, म्हणजे होस्टचं यूएसबी व्हीएमला द्यायची, कटकट कायमची संपली. मी तीन दालमिलवर हेच बसवलंय.

भुसावळी_यार्ड | ८:२९
आणि त्या कन्व्हर्टरचा आयपी बदलला की चौथ्या दालमिलवर तुम्हालाच फोन. व्हीएमला फायदा आहे की. रोज रात्री अख्ख्या मशीनचा बॅकअप निघतो, होस्ट जळाला तरी दुसऱ्या डब्यावर अर्ध्या तासात उभं राहतं.

रूट_कॉज | ८:३०
स्टॅटिक आयपी द्यायचा असतो साहेब.

कपाशीवाला | ८:३३
एस्केप दाबत राहिलो तर काळा पडदा आणि नुसतं ग्रब आणि बाण आलाय. काही गेलं का माझ्या हातून?

आजोबा_टर्मिनल | ८:३४
काही नाही गेलं. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं. तिथेच नॉर्मल असं इंग्रजीत लिहा, एंटर, आणि लगेच एस्केप एकदाच. एकदाच.

कपाशीवाला | ८:४७
आलं! ९१ वर उठलं, टीटीवाययूएसबी शून्य दिसतंय, वजन आलं. १२,४४० च. पहिली पावती छापून निघाली. नंतर बोलतो.

उबंटू_पंखा | ८:५०
छान. आता ॲप्टमार्क होल्ड करून कर्नल गोठवून टाका. पुन्हा कधी अपडेटच येणार नाही.

तापीकाठचा | ८:५४
असं मुळीच करू नका. होल्ड करून विसरायचं आणि तीन वर्षं भोकं पडलेला कर्नल चालवायचा, त्यापेक्षा उद्या नेट आलं की सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स डॅश इमेज डॅश जेनेरिक टाका. त्यात आकडा घालायचा नाही. ते पॅकेज प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचं एक्स्ट्रा स्वतःच ओढून आणतं. टाकायच्या आधी प्रॉक्समॉक्समध्ये स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर व्हीएम होतं तसं परत आणता येतं.

उबंटू_पंखा | ८:५६
जिनिंगचं मशीन आहे, बँकेचं नाही. नेटवर कोण येणार आहे त्यावर?

तापीकाठचा | ८:५८
ज्या मशीनवर १४ गाड्यांचा हिशोब आहे ते कोणाची तरी बँकच आहे.

खान्देशी_गडी | ९:०५
भांडा भांडा. इकडे बामणोदच्या वांग्यांचं भरीत झालंय, कळण्याच्या भाकरी तव्यावर आहेत. गाड्या सुटल्या की या.

वजनदार_माणूस | ९:०८
वाट पाहतो. पण सांगून ठेवतो, ओल एकदा बघाच. आणि इंडिकेटरच्या मागचं सील कोणालाही तोडू देऊ नका, वजनमापेवाल्यांचं असतं ते.

कपाशीवाला | दुसऱ्या दिवशी, दुपारी २:४०
रात्री ११:३५ ला शेवटची ट्रॉली खाली झाली. भरीत राहिलं, नुसती शेव आणि मुरमुरे.
सकाळी दहाला नेट आलं. स्नॅपशॉट घेतला, जेनेरिक इमेज टाकली, त्यानं १३० चं एक्स्ट्रा बरोबर आणलं. मग जेवणाच्या सुटीत मुद्दाम रीबूट केलं. यूनेम डॅश आर चालू कर्नल १३० दाखवतं आणि वजन येतंय. ॲप्टची हिस्टरी फाइलही उघडली. जुन्या फाइलीत नाशिकच्या मुलानं ९१ चं एक्स्ट्रा हातानं टाकलेलं सापडलं, तारखेसकट. शेठना दाखवलं. ते म्हणाले, मग त्यानं सांगितलं का नाही? मी काय बोलणार, मीसुद्धा परवापर्यंत कुठे कोणाला सांगत होतो.
एक नवीन. रीबूटनंतर एकदा टीटीवाययूएसबी शून्यच्या ऐवजी एक आलं. शेजारी पावतीच्या प्रिंटरचंही तसंच कन्व्हर्टर आहे. सॉफ्टवेअर वजन प्रिंटरकडे मागत बसलं.

तापीकाठचा | ३:०२
सॉफ्टवेअरमध्ये टीटीवाययूएसबीचा आकडा देऊच नका. डेव्ह, सिरीयल, बाय डॅश आयडी या फोल्डरात प्रत्येक कन्व्हर्टरचं सिरीयल नंबरासकट लांब नाव असतं, ते द्या. कोण आधी उठलं यावर मग ते अवलंबून राहत नाही. दोन्ही केबलींचा नंबर एकच निघाला तर बाय डॅश पाथ.

कपाशीवाला | ३:२०
नंबर वेगळे आहेत. बदललं. चाललं. आता यूपीएसची बॅटरी बदलायला शेठना कसं पटवायचं तेवढं सांगा.

निळा_पडदा | रात्री १०:१५
व्हर्टायोची आयएसओ लावून पाहिली का?