मदत हवी आहे: प्रकाशाने सुटणारं औषध आणि नुसत्या प्रकाशाचा परिणाम, वेगळे कसे ओळखू?

नमस्कार मंडळी,

सांगलीत एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय सेंद्रिय रसायनशास्त्र. इमिक्विमोड हे मलमातलं औषध प्रतिकारपेशींमधल्या टीएलआर-७ या (विषाणू ओळखणाऱ्या) रिसेप्टरला चिकटतं आणि पेशी सायटोकाइन, म्हणजे दाह पेटवणारी संदेशवाहक प्रथिनं, सोडू लागतात. अशी औषधं रक्तात गेली तर तीच खळबळ अंगभर उठते, थंडी-ताप येतो. म्हणून त्याच्या अमिनो गटावर नायट्रोबेन्झिल जातीचं झाकण बसवायचं. ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश पडेल तिथेच झाकण निघेल आणि औषध मोकळं होईल. मिरजेला उपचारासाठी लांबून आलेली माणसं रोज दिसतात, त्यामुळे हा विषय मला नुसता मार्कांपुरता वाटत नाही.

सर म्हणतात झाकणाऐवजी अझोबेन्झीन हा रेणू घे, अतिनील प्रकाशात वाकतं, निळ्या प्रकाशात सरळ होतं, म्हणजे बंदही करता येतं. पण एकदा बाहेर पडलेलं सायटोकाइन परत थोडंच येणार? मला झाकणच बरं वाटतं. अतिनील प्रकाश त्वचेत जेमतेम मिलिमीटरभर जातो हे माहीत आहे, सध्या काम फक्त बशीतल्या रॉ २६४.७ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या प्रतिकारपेशी) आहे.

अडचण अशी: हा प्रकाश पेशींना स्वतःच त्रास देतो. शिवाय झाकण तुटल्यावर नायट्रोसो संयुग उरतं, तेही क्रियाशील. औषधाविना प्रकाश आणि प्रकाशाविना झाकलेलं औषध, एवढे कंट्रोल (तुलनेचे प्रयोग) ठरवलेत. पुरतील का?

उत्तर:
नाही पुरणार. हेच झाकण एखाद्या निष्क्रिय अमीनवर बसवा आणि त्यालाही तेवढाच प्रकाश द्या, म्हणजे उरलेल्या तुकड्याचा परिणाम कळेल. झाकलेलं औषध आधी वेगळ्या नळीत उजेडात धरून मग पेशींवर घाला, त्यात पेशींना प्रकाश लागतच नाही. प्रकाश देताना पेशींचं पोषक माध्यम काढून साधं बफर द्रावण घाला. माध्यमातलं रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व) उजेडात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि ते सगळे आकडे बिघडवतं. एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं विष, नमुन्यात नकळत मिसळलेलं असू शकतं) तपासल्याशिवाय तर कशावरच विश्वास ठेवू नका, ते टीएलआर-४ मार्गे याच पेशी पेटवतं. वेळ नुसती मिनिटांत लिहू नका, दिव्याची ताकद मोजून ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर लिहा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! माध्यमाचं लक्षातच आलं नव्हतं. निष्क्रिय अमीन म्हणून साधं बेन्झिलअमीन चालेल, की औषधासारखंच अरोमॅटिक अमीन घ्यावं?