कॅझम लेक, शनिवार २२ ऑगस्ट: निघायची वेळ, गाड्या, डबे

प्रेषक: नितीन (सहल)

मंडळी, नमस्कार.

यंदाची उन्हाळी सहल कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या कॅझम लेकला. पाटीवर नाव 'च'ने सुरू झाल्यासारखं दिसतं, म्हणायचं मात्र 'क'ने. लाँग्ज पीकच्या पूर्वेच्या कड्याखाली, सुमारे ११,८०० फुटांवर हे तळं आहे. वाट लाँग्ज पीक ट्रेलहेडपासून (९,४०५ फूट) सुरू होते. जायला ४.२ मैल, यायला तेवढेच, चढ साधारण २,४०० फुटांचा.

तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. जुलैच्या सुरुवातीपर्यंत कोलंबाइन धबधब्याच्या वरच्या आडव्या वाटेवर तिरक्या बर्फाचा पट्टा असतो. तिथे बर्फाची कुऱ्हाड आणि बुटांना लावायचे काटे लागतात, आणि घसरलं तर माणूस थेट खाली जातो. सप्टेंबरच्या मध्यावर गणपती आहेत, तेव्हा अर्धं मंडळ सजावटीत. म्हणून ऑगस्ट.

पहाटे अडीचला डेन्व्हरहून निघायचं, सव्वाचारला गाड्या लावायच्या, साडेचारला पाय वाटेवर. लायन्सहून ७ नंबरचा रस्ता धरून अ‍ॅलन्सपार्कवरून जायचं. एस्टेस पार्क गावात शिरून वळसा घेऊ नका. ट्रेलहेडचा फाटा ७ नंबरवरच आहे, एस्टेसच्या दक्षिणेला ९ मैलांवर. तिथून आत एक मैल.

नितीन

प्रेषक: अश्विनी

नितीन, अडीच? साडेआठ मैलांसाठी? आम्ही राजगडला मुक्काम न करता जायचो तेव्हाही पुण्यातून पाचला निघायचो. निदान सहाला निघूया, मुलं झोपेत असतात रे.

शिवाय माझे आई-बाबा १८ तारखेला पुण्याहून येताहेत, दोघंही सत्तरीच्या जवळ, रोज पर्वती चढणारे. त्यांना आणू का? आणि तो श्रावणातला शनिवार आहे, तीन-चार घरांत उपास असतो. साबुदाण्याची खिचडी चालेल ना?

अश्विनी

प्रेषक: श्रीकांत

अश्विनी, सह्याद्रीचं गणित इथे उलटं पडतं. आपल्याकडे श्रावणसरीत भिजत गड चढतात. वीज ही बहुतेक वळवाची आणि परतीच्या पावसाची गोष्ट, त्यामुळे दुपारी माथ्यावर असण्याची भीती आपल्या अंगात मुरलेलीच नाही. इथल्या जुलै-ऑगस्टच्या पावसालाही मान्सूनच म्हणतात, पण त्याची वागणूक वळवाची. सकाळ लख्ख, दहा-अकराला डोंगरामागे कापसासारखे ढग, ते उंच होत जातात आणि बारा-एकला गडगडाट. लाँग्जच्या मागे, म्हणजे पश्चिमेला, काय शिजतंय ते तळ्यावरून दिसतच नाही, समोर कडा उभा असतो. काळा ढग कड्यावरून डोकावला तेव्हा उशीर झालेला असतो.

साधारण ११,००० फुटांच्या पुढे झाडं संपतात. तिथून तळ्यापर्यंत आणि परत, तीनेक मैल, आपणच सगळ्यात उंच वस्तू. म्हणून अकरापर्यंत उतरून झाडीत शिरलेलं असणं हेच या सहलीचं वेळापत्रक. बाकीच्या वेळा त्यावरून मागे मोजल्यात. वीज चमकल्यावर आवाज यायला पाच सेकंद लागले तर ती एक मैलावर आहे. पण मोजत बसू नका, पहिला गडगडाट ऐकला की वळायचं. एकट्या झाडाखाली किंवा मोठ्या धोंड्याच्या कपारीत दडायचं नाही. घोळक्याने थांबायचं नाही, अंतर ठेवून खाली चालत राहायचं.

दुसरं कारण गाड्यांचं. लाँग्जच्या शिखरावर (१४,२५९ फूट) जाणारे मध्यरात्रीनंतर येऊन वाहनतळ भरून टाकतात. सव्वाचारलाही जागा मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर फाट्याच्या रस्त्याच्या कडेला, पाटीने परवानगी दिलेल्या बाजूलाच लावा, चाकं डांबराबाहेर. सोळा जणांना चारच गाड्या हव्यात, आठ नकोत. रस्त्यालाही जागा नसेल तर लिली लेकसमोरून ट्विन सिस्टर्सची वाट धरू. तिथे वर तळं नाही, पण शिखर ११,४२८ फुटांवर आणि एका बाजूने ३.७ मैल, म्हणजे दमछाक तेवढीच.

या भागात वेळेची आगाऊ परवानगी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळात शिरणाऱ्यांना लागते, आपल्याला नाही. बेअर लेक रोडचा नियम वेगळा आहे, तिथे पहाटे ५पासूनच लागते. त्या दोन परवानग्यांचा घोळ करू नका.

आता वाट. अर्ध्या मैलावर उजवीकडे युजीनिया माइनचा फाटा येतो, आपण डावीकडे. अंधारात गप्पांच्या नादात इथे चुकतात. शुक्ल पक्ष असला तरी चंद्र तोवर मावळलेला असेल, त्यामुळे पावणेसहापर्यंत हेडलँपवरच चालायचं. फोनचा दिवा चालणार नाही: हात अडकतो आणि थंडीत बॅटरी बसते. गॉब्लिन्स फॉरेस्टची झाडी, मग ओढ्यावरचा पूल, मग खुरटी वाकडी झाडं, आणि मग उघडा माळ. ३.३ मैलांवर कॅझम जंक्शन, तिथे शौचालय आहे. शिखरवाले तिथून उजवीकडे जातात. आपण डावीकडे.

यापुढचा पाऊण-एक मैल नीट ऐका. वाट थोडी उतरते आणि लेडी वॉशिंग्टन डोंगराच्या कुशीतून आडवी जाते. डाव्या हाताला उतार तुटलेला, खाली पीकॉक पूल नावाचं निळंहिरवं तळं. फोटो काढायचा तर आधी थांबायचं, मग काढायचा. चालता चालता नाही. मागून येणाऱ्याला वाट देताना डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही. धबधब्याच्या माथ्यावर हिरवळीचा तुकडा येतो. तिथे बरेच जण 'आलं तळं' म्हणून सॅक टाकतात. आलेलं नसतं. समोर कातळाची पायरी आहे, शेवटचा शंभरेक फुटांचा चढ हात टेकत, रचलेल्या दगडांच्या खुणा बघत. चालायच्या काठ्या इथे मिटवून सॅकला बांधा, नाहीतर कातळावर त्याच पायात येतात. दगड ओला असेल तर उतरताना तोंड कातळाकडे.

वर पोचल्यावर समोर उभा दिसतो तो डायमंड. तो कडा पहिल्यांदा चढला गेला १९६०मध्ये. दुर्बीण आणलीत तर भिंतीवर लटकलेले ठिपके दिसतील, ते गिर्यारोहक.

श्रीकांत

प्रेषक: मीनल

अश्विनी, पर्वती रोज चढतात हे छानच, हृदय आणि गुडघे ठीक असल्याचं कळतं. उंचीबद्दल त्यातून काहीच कळत नाही. डेन्व्हर १,६०९ मीटरवर आहे, कळसूबाई १,६४६. म्हणजे आई-बाबा विमानातून उतरतील तेच जवळजवळ महाराष्ट्राच्या सर्वांत उंच टोकावर. तळं ३,६०० मीटरच्या आसपास. समुद्रसपाटीच्या तुलनेत डेन्व्हरला हवेचा दाब ८३ टक्के असतो, तळ्यावर ६४-६५. चार दिवसांपूर्वी पुण्याहून आलेल्यांना तिथे नेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

त्यांना एस्टेस पार्क गावातल्या लेक एस्टेसला न्या. उंची ७,५०० फुटांच्या आसपास, भोवती पावणेचार मैलांची जवळजवळ सपाट फरसबंद वाट, हवं तिथून परत फिरता येतं. तिथे एल्क (मोठी हरणं) चरताना दिसतात. लांबूनच बघा, उद्यानाचा नियम ७५ फुटांचा आहे आणि तो गावातही पाळलेला बरा. लेक एस्टेस राष्ट्रीय उद्यानाच्या बाहेर आहे, हाही फायदाच: १ जानेवारी २०२६पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांना ११ मोठ्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा आहेत, आणि रॉकी माउंटन त्यात आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे वार्षिक पास आहे त्यांनी पास आणि फोटो असलेलं अमेरिकी ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवा.

जे येणार आहेत त्यांच्यासाठी: डोकं दुखणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं, झोपाळल्यासारखं वाटणं, ही उंची लागल्याची लक्षणं. पित्त झालं असेल, सकाळी चहा राहिला म्हणून असेल, असं म्हणत चढत राहायची आपल्याला सवय आहे. उंचीवर डोकं दुखलं तर ती उंचीच, असं धरून चाला. थांबा, पाणी प्या, अर्ध्या तासात उतार पडला नाही तर कोणीतरी सोबत घेऊन खाली. हजार फूट उतरलं तरी फरक पडतो. बसल्या जागी धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल किंवा माणूस सरळ रेषेत एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालू शकत नसेल, तर विश्रांती वगैरे काही नाही, तडक उतरायचं.

अ‍ॅसिटाझोलामाइडबद्दल (उंची लागू नये म्हणून घ्यायची गोळी) दोघांनी विचारलं. इथे राहणाऱ्यांना एका दिवसासाठी सहसा लागत नाही. सखल भागातून नुकतेच आलेले असाल तर आपल्या डॉक्टरांना विचारा. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोड्याची चव मरते, घाबरू नका. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी मात्र घ्यायची नाही. आणि शुक्रवारी रात्री मद्य नको.

मुलं: दहाच्या वरची, आणि त्यातही ज्यांना 'डोकं दुखतंय' हे न लाजता सांगता येतं तीच. आठ वर्षांच्या मुलांना आजी-आजोबांबरोबर तळ्याकाठी जास्त मजा येईल.

मीनल

प्रेषक: सुलभाकाकू

खिचडी नेऊ नका गं. पहाटे दोनला परतलेला साबुदाणा आठला तिथल्या थंडीत डब्यात एकच गोळा होतो, चमचा घातला की अख्खा डबा उचलला जातो. उपासाला राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, सुकं अंजीर, केळ्याचे वेफर्स. मिठाचं काहीतरी हवंच, नुसत्या गोडाने मळमळतं. पाण्यावरचा कडक उपास करणाऱ्यांनी त्या दिवशी डोंगर तरी करावा किंवा उपास तरी.

बाकीच्यांनी दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या. दुधातल्या दशम्या गार झाल्या तरी तुटत नाहीत, एका हाताने खाता येतात. वर भूक मरते, म्हणून दर तासाला दोन घास, भूक असो-नसो. मोठं जेवण तळ्यावर नको. ते उतरल्यावर, गाडीपाशी.

एक गंमत लक्षात ठेवा. घट्ट झाकणाचा डबा डेन्व्हरच्या हवेत बंद केला की वर जाईपर्यंत आतली हवा फुगते. फरसाणाचं पाकीट उशीसारखं टरारतं, आणि लोणच्याच्या बाटलीचं झाकण सैल असेल तर तेल सॅकभर. लोणचं न्यायचंच तर पुरीत गुंडाळून न्या. वर रिकामा केलेला डबा तिथेच घट्ट लावलात तर घरी उघडायला दोन माणसं लागतील. झाकण सैल ठेवा.

चहा घरून उकळून थर्मासमध्ये. तिथे पाणी ८८ अंशांनाच उकळतं, चहाला रंग चढत नाही.

सुलभाकाकू

प्रेषक: श्रीकांत

काकूंच्या पत्राला पुरवणी. तळ्यावर मार्मट नावाचे कुरतडणारे प्राणी आहेत, घुशीएवढे नाही, चांगले मांजराएवढे. त्यांना खाण्याइतकंच घामाचं मीठ आवडतं. सॅक दगडावर टाकून दहा पावलं गेलात की पट्ट्याचा जाड शिवलेला भाग कुरतडलेला मिळतो, काठीची मूठसुद्धा. सॅक अंगावर किंवा मांडीवर. त्यांना खायला घालणं बेकायदा आहे. पोरांना आधीच सांगा. केळ्याची, संत्र्याची साल त्या थंडीत वर्षानुवर्षं कुजत नाही, ती परत आणायची.

पाणी माणशी तीन लिटर घरून भरून. ओढ्याचं पाणी काचेसारखं दिसतं पण जियार्डिया (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, गाळणी असेल तरच. कुत्रे आणि ड्रोन, दोन्हींना बंदी.

श्रीकांत

प्रेषक: नितीन (सहल)

ठरलं तर मग. अश्विनी, अडीच कायम. साडेसातला जंक्शन, साडेआठला तळं, तिथे पाऊण तास, फार तर एक. साडेनऊला उतरायला सुरुवात, अकराच्या आत झाडीत, एकपर्यंत गाडीशी. नऊला जो कातळाच्या पायरीखाली असेल तो तिथूनच परत, तळं शंभर फुटांवर असलं तरी. वाद वाटेवर घालायचा नाही, आत्ता इथे घाला.

पुढे श्रीकांत, मागे मी. माझ्या मागे कोणी राहणार नाही आणि श्रीकांतच्या पुढे कोणी जाणार नाही. वाटेवर फोनची रेंज धरून चालू नका. नकाशा घरीच उतरवून घ्या. कोणी परत फिरणार असेल तर दोघांनी, आणि त्यातल्या एकाकडे गाडीची किल्ली हवी. हे दरवेळी राहतं: किल्ली वर, माणूस खाली.

कपडे: पहाटे ५ ते ८ अंशांच्या आसपास असेल, त्यात वारा. जीन्स आणि सुती टीशर्ट नको, घामाने भिजले की अंगावरच गार होतात. लोकरी किंवा पॉलिएस्टर बनियन, फ्लीस, वरून पावसाचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. गाडीपाशी ऊबदार वाटलं तर दहा मिनिटांत घाम फुटून सगळ्यांना थांबावं लागतं. हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, तेव्हा सनस्क्रीन सहालाच लावा, नाकपुड्यांच्या खालीसुद्धा. पाण्यावरून आणि कातळावरून ऊन खालून येतं. बूट नवे नकोत.

लेक एस्टेसच्या गटाने आठला निघालं तरी चालेल. सुलभाकाकू त्या गाड्यांबरोबर आहेत. दुपारी दीडला तिथल्याच बाकांवर सगळे जेवू.

गाडीत जागा हवी आहे किंवा देता येईल, हे बुधवार रात्रीपर्यंत कळवा. उत्तर कृपया मला एकट्याला पाठवा, सगळ्या यादीला नको. मागच्या खेपेला 'मी पण' असे त्रेचाळीस ईमेल आले होते.

नितीन