दोन्ही कागदांना वॉरंटच म्हणायचं का?

मेथीदाणा: न्यू जर्सीत आमच्या शाळेकडून पालकांना पत्र जाणारे, त्याचं मराठी माझ्याकडे आलंय. इमिग्रेशनवाले आले तर ऑफिसातल्या बाईंनी त्यांना आत न सोडता आधी कागद बघायचा. जज्जाची सही असेल तर गोष्ट वेगळी, पण बहुतेकदा असतो तो त्यांच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याच्या सहीचा, त्यावर परवानगीशिवाय वर्गात शिरता येत नाही. इंग्रजीत दोन्ही वॉरंटच! मी 'न्यायिक' आणि 'प्रशासकीय' वॉरंट लिहिलं, तर सासूबाई म्हणाल्या प्रशासकीय म्हणजे सरकारी, म्हणजे तेच जास्त जोरातलं ना? नेमकं उलटं समजल्या.

गवतीचहा: वॉरंट कशाला, अधिपत्र आहे की.

पारावरचा: अधिपत्र कोणाच्या तोंडी आहे? आमच्या जळगावकडे पकडवॉरंट म्हणतात, सगळ्यांना कळतं. आजोबांवर जमिनीच्या केसमधे निघालेलं, तर त्यांनी पोलिसाला ओट्यावर बसवून चहा दिला आणि कोर्टाचा शिक्का बघेपर्यंत उंबरा ओलांडू दिला नाही. ताई, हेच लिहा, शिक्का बघा म्हणून.

गवतीचहा: तोंडी नाही कारण आपण वापरत नाही. वापरला की रुळतो.

रानभूल: आणि सँक्च्युअरीचं, म्हणजे अशा धरपकडीपासून आसरा देणाऱ्या जागेचं, अभयारण्य करू नका प्लीज, एका पत्रकात 'अभयारण्य शाळा' वाचलंय, पोरं काय हरणं आहेत? माझ्या मते 'कौल'. परागंदा झालेल्या रयतेला सरकार कौल द्यायचं, की या, वस्ती करा, उपद्रव होणार नाही. मूळ अरबी, अर्थ शब्द, वचन. शाळा-दवाखान्यांत धरपकड टाळायचं धोरण 2025 च्या जानेवारीत काढून घेतलं, तो कौलच मोडला.

गवतीचहा: कौल आता देवाला लावतात नाहीतर निवडणुकीत मिळतो.

पारावरचा: धोरण गेलं तरी 1982 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, टेक्सासच्या केसमधला, कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ते पहिल्या ओळीत घाला. 'बेकायदेशीर मुलं' लिहिलं असेल तर खोडा.

मेथीदाणा: खोडलं. 'जज्जाच्या सहीचं वॉरंट' आणि 'खात्याचा कागद' करणार होते, पण त्या खात्याच्या कागदावरही वरती ठळक वॉरंटच छापलेलं असतं, ते बघून माणूस दार उघडणारच. उद्या सकाळी द्यायचंय, सांगा कोणीतरी.

गवतीचहा: आधी जज्जाचं न्यायाधीश करा.

रानभूल: मग मुन्सफ काय वाईट आहे?