डॉक्टरांना ‘जाणवलं’, पण भाऊ काय म्हणतो ते लिहिलंच नाही

प्रश्न (बार्शीची ताई):
धाकटा भाऊ, वय 23. चार महिने खोलीबाहेर पडत नाही, कॉलेज सुटलं. सायकॅट्रिस्टकडे नेलं. ओपीडीत तुडुंब गर्दी. डॉक्टर म्हणाले, “हा आत आला तेव्हाच जाणवलं, स्किझोफ्रेनिया आहे.” बाकी सगळी उत्तरं आई आणि मीच दिली. त्याला एकच प्रश्न: “आवाज येतात का?” तो “नाही” म्हणाला. परतीच्या एसटीत मात्र खिडकीकडे तोंड करून हळूच बोलला, “ताई, दुसऱ्या कुणाचा नाही येत. मी मनात बोलतो तेच मोठ्याने वाजतं. पुढच्या सीटवरच्यालाही ऐकू जात असेल.” केस पेपरवर यातलं अक्षर नाही. गोळ्या चालू आहेत. पण नुसत्या जाणवण्यावर एवढं मोठं निदान मानायचं का? रात्री झोप लागत नाही मला.

उत्तर (निवृत्त मनोविकारतज्ज्ञ):
ताई, गोळ्या मनाने बंद करू नका. त्या जाणवण्याला आमच्यात नाव आहे, ‘प्रीकॉक्स फीलिंग’. डच मनोविकारतज्ज्ञ र्‍युम्के यांनी 1941 मध्ये त्यावर लिहिलं: समोरच्याशी धागाच जुळत नाही, असं डॉक्टरला आतून वाटणं. मलाही वाटायचं, आणि अनेकदा ते खरं निघायचं. पण न्यूयॉर्क आणि लंडनच्या डॉक्टरांची 1960-70 च्या सुमारास तुलना झाली, तेव्हा सारख्याच रुग्णांना न्यूयॉर्कवाले कितीतरी जास्त वेळा स्किझोफ्रेनिया म्हणत होते. म्हणजे डॉक्टर कुठे शिकला, हेही त्या जाणवण्यात मिसळलेलं असतं. म्हणून 1980 च्या डीएसएम-3 या अमेरिकी निदान-पुस्तिकेत ठोस निकष आले. त्यांच्यामागून हो-नाहीचे प्रश्नही आले. तुमच्या भावाचं “नाही” अगदी खरं होतं, प्रश्नच तोकडा होता. स्वतःचे विचार मोठ्याने ऐकू येणं हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी स्किझोफ्रेनियाच्या ‘पहिल्या दर्जाच्या’, म्हणजे निदानात सर्वाधिक वजन असलेल्या लक्षणांत धरलं होतं. तेव्हा डॉक्टरांचा अंदाज बरोबरही असेल. पण तेवढ्याने निदान होत नाही. मूडचे आजार, नशा, फिट्स हे सगळं पाहावं लागतं. त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत लिहून न्या.

उत्तर (नऊ वर्षं औषधांवर):
ताई, वाक्य त्यालाच लिहू द्या. मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी मान वर केली नाही, म्हणून पेपरवर ‘भावनाशून्य’ आलं. खरं तर छातीत इतकं धडधडत होतं की टेबलावरच्या पेपरवेटवरून नजर काढली असती तर रडलो असतो. पुढे दुसऱ्या मॅडमनी घरच्यांना बाहेर बसवून विचारलं, “आत्ता या खोलीत तुला कसं वाटतंय?” तेव्हा पहिल्यांदा बोललो. निदान बायपोलरचं, म्हणजे मूडच्या आजाराचं झालं.

बार्शीची ताई:
काल परत गेलो. आई आणि मी बाहेर बाकावर. त्याने वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या होत्या, मला दाखवल्या नाहीत. पंचवीस मिनिटांनी बाहेर आला. डॉक्टरांनी अजून निदान पक्कं केलेलं नाही, रक्ततपासणी आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) सांगितलाय, पंधरा दिवसांनी एकट्यालाच बोलावलंय. स्टँडवर त्याने स्वतःहून उसाचा रस मागितला.