मित्राच्या ईमेलवरून पैशांची मागणी आली आहे. ती खरी की खोटी, हे कसे ओळखावे?

वाटसरू
नमस्कार. माझ्या एका महाविद्यालयीन मित्राच्या ईमेलवरून काल रात्री मला इंग्रजीत पत्र आले. परिषदेसाठी घाईघाईने मनिलाला यावे लागले, वाटेत पाकीट, कार्डे आणि फोन लुबाडले गेले, परतीचे विमान उद्या पहाटे आहे आणि बिल चुकते केल्याशिवाय हॉटेलवाले पासपोर्ट देत नाहीत, असा मजकूर आहे. मुंबईतील एका ट्रॅव्हल एजंटच्या खात्यात ८५ हजार रुपये भरावेत, तो इकडची व्यवस्था करील, आणि घरच्यांना उगाच काळजी नको म्हणून त्यांना काही कळवू नये, अशी विनंती केली आहे. आम्ही एकमेकांना नेहमी मराठीत लिहितो, त्यामुळे शंका येते; परंतु पत्ता त्याचाच आहे, खाली त्याची नेहमीची सहीही आहे, आणि तो अशा परिषदांना खरोखर जातो. पत्र खोटे समजून गप्प बसलो आणि तो खरेच अडचणीत असला, तर त्याला तोंड कसे दाखवू? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सह्यकडा
पैसे पाठवू नका आणि त्या पत्राला उत्तरही देऊ नका. पत्ता खरा आहे एवढ्यावरून पत्र लिहिणारा खरा ठरत नाही, कारण या प्रकारात बहुधा मित्राचे ईमेल खातेच भामट्यांच्या हाती गेलेले असते. बनावट दुव्यावर त्याने कधीतरी पासवर्ड भरलेला असतो, किंवा एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरल्यामुळे एका संकेतस्थळावरून फुटलेला पासवर्ड दुसरीकडेही चालून जातो. २०१३ मध्ये एकट्या याहूच्या सुमारे तीन अब्ज खात्यांची माहिती चोरीला गेली होती, यावरून या चोऱ्यांचा आवाका लक्षात येईल. एकदा आत शिरल्यावर संपर्क यादी, सही आणि जुना पत्रव्यवहार हे सगळे त्यांना वाचायला मिळते, म्हणूनच परिषदेचा उल्लेख इतका चपखल बसतो.

एक गोष्ट करून पाहा. पत्र उघडून ‘रिप्लाय’ दाबा, पण काहीही न पाठवता वरच्या चौकटीत कोणता पत्ता उमटतो तो अक्षर न् अक्षर वाचा. पुष्कळदा तेथे दुसऱ्याच सेवेवरचा, नावात एखादे अक्षर जास्त असलेला पत्ता दिसतो. मूळ खाते मालकाला परत मिळाले तरी तुमची उत्तरे भामट्याकडेच जात राहावीत, यासाठी ती सोय केलेली असते. पत्ता तोच दिसला तरी निर्धास्त होऊ नका. खात्री करायची ती ईमेलच्या बाहेर. तुमच्या डायरीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करा, आणि तो लागला नाही तर वहिनींना किंवा मुलांना विचारा. घरच्यांना कळवू नका असे ज्या पत्रात लिहिले आहे, त्याबाबत घरच्यांनाच सर्वांत आधी विचारले पाहिजे.

मधुमालती
तुमची घालमेल मला पूर्णपणे समजते. मी बरीच वर्षे परदेशात राहिले आहे, म्हणून एवढेच सांगते की खरोखर लुबाडल्या गेलेल्या भारतीय नागरिकाला परक्या देशात केवळ मित्राच्या पैशांचाच आधार असतो असे नाही. पासपोर्ट हरवला तर भारतीय दूतावास मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, आणि अगदीच निराधार झालेल्यांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. मनिलातही आपला दूतावास आहे. तुमचे मित्र तेथे असतीलच, तर त्यांना दूतावासाकडे पाठवणे हीच खरी मदत ठरेल.

निवृत्त रोखपाल
एखाद्याने पैसे पाठवून टाकले असतील, तर मिनिटही न दवडता १९३० या सरकारी सायबर फसवणूक मदत क्रमांकावर तक्रार करावी आणि त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवावे. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरच्याचा खाते क्रमांक हाताशी ठेवावा. असली खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात आणि आलेली रक्कम लगेच पुढच्या खात्यांत पांगवली जाते. ती वाटेत गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते.

येथे अनेकांचा एक गैरसमज असतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले की नुकसान भरून मिळते, असे ते धरून चालतात; पण ते संरक्षण ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे. फसून का होईना, स्वतः पाठवलेल्या पैशांना ते सहसा लागू पडत नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क आणि ६६ ड या कलमांखाली गुन्हे असून दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, तेव्हा पैसे गेले नसले तरी तुमच्या मित्राने तक्रार अवश्य नोंदवावी. आणि घरातील वडीलधारे फसले असतील तर त्यांच्यावर कृपया चिडू नका. बोलणी खावी लागतील या भीतीने माणसे दोन दिवस गप्प राहतात आणि तोवर पैसा हाती लागण्यापलीकडे गेलेला असतो.

वाटसरू
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मित्र नाशिकला स्वतःच्या घरी सुखरूप आहे. तेच पत्र इतरही अनेकांना गेले आहे, पण त्यांनी विचारपूस करणारी जी उत्तरे पाठवली त्यांपैकी एकही त्याच्या इनबॉक्समध्ये दिसत नाही. त्याने पासवर्ड बदलला आहे. आणखी काय करावे?

सह्यकडा
ते सुखरूप आहेत हे वाचून फार बरे वाटले. उत्तरे दिसत नाहीत याचा अर्थ भामट्याने खात्यात फिल्टर लावून ठेवला असावा. आलेली पत्रे त्यामुळे परस्पर कचऱ्यात किंवा दुसऱ्या पत्त्यावर जातात, आणि नुसता पासवर्ड बदलल्याने तो फिल्टर निघत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन फिल्टर आणि फॉरवर्डिंग या दोन्ही ठिकाणचे अनोळखी नियम पुसून टाकायला सांगा. खाते परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन क्रमांक आणि पर्यायी ईमेल स्वतःचाच आहे ना, हे पाहून मग सर्व उपकरणांवरून लॉगआउट करावे आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डाखेरीज दुसरी खूणही मागणारी सोय) सुरू करावी. ज्यांना पत्र गेले आहे त्यांना त्यांनी आजच फोन करावा, आणि त्यातही वयस्कर मंडळींना सर्वांत आधी.