कुटुंब साक्षरता वर्गातील स्वयंसेवक टिकावेत म्हणून नियोजन कसे करावे?

प्रश्न

आई, आजी आणि प्राथमिक शाळेतील मुले यांना एकत्र बसवून शिकवणारा वर्ग आम्ही जूनमध्ये गावात सुरू केला. 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात नोंदवलेले १४ स्वयंसेवक होते, त्यांतील बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी. कापूस वेचणी सुरू होताच बायकांची हजेरी घटली, पुढे परीक्षा आल्या आणि आता ५ स्वयंसेवक उरले आहेत. शिकण्याची ओढ मात्र कायम आहे. बचत गटाच्या नोंदवहीत पहिल्यांदा सही केल्यावर एका आजींनी सवयीने अंगठा पदराला पुसला, ते मी समोर बसून पाहिले. पुढच्या सत्रासाठी स्वयंसेवक कसे निवडावेत?

उत्तर १

१९९० च्या दशकातील संपूर्ण साक्षरता अभियानात मी काम केले आहे. तेव्हा साधारण दहा प्रौढांमागे एक स्वयंसेवक असे. मुलेही सोबत असतील तर ही संख्या मला फार वाटते. एका आळीतील तीन-चार घरांसाठी त्याच आळीतील दोघी जणी नेमाव्यात, म्हणजे एकीची परीक्षा किंवा बाळंतपण आले तरी वर्ग बंद पडत नाही. आधी वेचणी, लग्नसराई आणि परीक्षा वर्षाच्या कॅलेंडरवर मांडाव्यात, मगच वर्गाचे दिवस ठरवावेत. वेचणीच्या आठवड्यांत एकच बैठक ठेवली तरी चालेल. पण ती ठरल्या दिवशी झालीच पाहिजे, कारण दोनदा कुलूप दिसले की तिसऱ्यांदा कोणी येत नाही.

उत्तर २

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथील आजीबाईंची शाळा अवश्य अभ्यासावी. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ती ८ मार्च २०१६ रोजी सुरू झाली. वर्गाची वेळ दुपारी २ ते ४, म्हणजे घरकाम उरकल्यानंतरची, आणि शिकवणारी गावातलीच सून, जिच्या विद्यार्थिनींत तिची सासूही होती.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. नातवंडांना आजीचे शिक्षक करू नये. मुले चुकीवर हसतात आणि आजी पाटी बाजूला ठेवते. आमच्याकडे आजी गोष्ट सांगते, नातू ती लिहून घेतो आणि मग दोघे मिळून वाचतात. स्वयंसेविकेने फक्त शेजारी बसून अडलेला शब्द फोडून द्यायचा असतो. नव्या स्वयंसेवकांना मी सर्वांत आधी हे शेजारी बसणेच शिकवते, कारण बाराखडी बहुतेकांना शिकवता येते, पण आजी अक्षर जुळवत असताना गप्प राहणे फार थोड्यांना जमते.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. 'उल्लास'मध्ये शिकणाऱ्यांना शेवटी द्यावी लागणारी साक्षरता चाचणी १५० गुणांची असल्याने आम्ही सराव प्रश्नपत्रिकांच्या मागे लागलो आणि गोष्टी सांगण्याचा तास बंद केला, ही चूक आता लक्षात येते. येत्या रविवारी उरलेल्या पाच जणांसोबत आळीनिहाय घरांची यादी करणार आहोत. ज्या सुनांना लिहिता-वाचता येते, त्यांच्याकडे पहिल्यांदा जाऊ.